न्यू जर्सीतला घटस्फोट आणि सोलापूरचं कौटुंबिक न्यायालय : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

वैशाली सोलापूरची. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) वडिलांचा अक्कलकोट रोडला टॉवेलचा छोटा कारखाना आहे. खाली माग आणि वरच्या मजल्यावर घर. डिसेंबर २०१५ मध्ये सोलापुरातच तिचं लग्न झालं, सप्तपदीसह, हिंदू पद्धतीनं. महापालिकेत विवाह नोंदणीही झाली. नवरा मूळचा लातूरचा, एच-१बी व्हिसावर न्यू जर्सीत नोकरीला. ती एच-४ वर, म्हणजे जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर, त्याच्यासोबत गेली. मूलबाळ नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये ती माहेरी आली आणि परत गेली नाही. संसार का मोडला हे या लेखासाठी महत्त्वाचं नाही. दोघांनाही तो पुढे चालवायचा नव्हता, एवढं पुरे.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास तिच्या नावावर न्यू जर्सीहून कुरिअर आलं. नवऱ्यानं तिथल्या कोर्टात घटस्फोटाचा दावा लावला होता, त्याचं समन्स आणि दाव्याची प्रत. कारण दिलं होतं, सहा महिन्यांहून जास्त काळ चाललेले न मिटणारे मतभेद. न्यू जर्सीत तेवढं कारण पुरतं. अर्जदाराचा त्या राज्यात सलग एक वर्ष निवास असला की कोर्टाला अधिकार मिळतो.

घरात दोन मतं पडली. पुण्याचा मावसभाऊ म्हणाला, "अमेरिकेच्या कोर्टाचा इथं काय संबंध? फाडून टाक." सख्ख्या भावाला ते पटलं नाही. त्यानं ओळखीतून तिथली एक वकील गाठली. वैशालीनं तिच्यामार्फत उत्तर दाखल केलं, आणि मलाही घटस्फोट हवा आहे असा प्रतिदावाही लावला. पुढे लेखी समझोता झाला. ठरलेली एकरकमी रक्कम नवऱ्यानं द्यायची आणि लातूरच्या लॉकरमधलं तिचं स्त्रीधन परत करायचं. दोन्ही गोष्टी पाळल्या गेल्या. जून २०२१ मध्ये व्हिडिओवरून सुनावणी झाली आणि त्याच दिवशी घटस्फोटाचा अंतिम निकाल मिळाला.

कुरिअर फाडून न टाकण्याचा हा निर्णय पुढच्या सगळ्या प्रकरणाचा पाया ठरला. तो घेताना घरात कुणालाच याची कल्पना नव्हती.

अडचण

२०२४ मध्ये वैशालीला पंढरपूरचं स्थळ आलं. मुलगा चांगला, त्याचंही दुसरं लग्न. बोलणी पुढे सरकली तेव्हा मुलाच्या काकांनी विचारलं, "अमेरिकेचा कागद बघितला की आम्ही. पण इथलं कोर्ट काय म्हणतं?" त्याच सुमारास एका सरकारी कार्यालयात तिला तोंडी सांगण्यात आलं, की इथल्या कोर्टाचा हुकूम आणल्याशिवाय 'घटस्फोटित' अशी नोंद होणार नाही. लेखी काहीच दिलं नाही.

ती आमच्या वकिली कार्यालयात आली ती ईमेलवरून छापलेली दोन पानं घेऊन. त्यावर ना शिक्का होता ना सही. सोबत आई होती. आईचा प्रश्न सरळ होता, "मॅडम, त्यानं २०२२ लाच तिकडं दुसरं लग्न केलं. तो मोकळा. मग आमच्याच पोरीनं कोर्टाची पायरी का चढायची?"

प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे परदेशी घटस्फोट नोंदवून घेण्याची कुठलीही खिडकी नाही. परदेशातला निकाल इथे बंधनकारक आहे की नाही हे दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम १३ वर तपासलं जातं, आणि तेही कुणीतरी तो प्रश्न कोर्टापुढे आणल्यावरच. कलमात सहा अपवाद आहेत. त्या कोर्टाला अधिकारच नव्हता. निकाल गुणदोषांवर, म्हणजे दाव्यातले मुद्दे तपासून, झाला नाही. लागू असलेला भारतीय कायदा मानला नाही किंवा आंतरराष्ट्रीय कायद्याचा अर्थ चुकीचा लावला. नैसर्गिक न्याय पाळला नाही. निकाल लबाडीनं मिळवला. किंवा भारतातल्या कायद्याच्या भंगावर उभा असलेला दावा मान्य केला. यातलं एक जरी लागू पडलं तरी तो निकाल इथे निर्णायक राहत नाही.

लग्नाच्या बाबतीत हे अपवाद कसे वाचायचे ते सर्वोच्च न्यायालयानं वाय. नरसिंह राव विरुद्ध वाय. वेंकट लक्ष्मी या १९९१ च्या निकालात सांगितलं आहे. तोही अमेरिकेतलाच घटस्फोट होता, मिसुरी राज्यातला. नियम असा, की ज्या कायद्याखाली लग्न झालं त्या कायद्यानुसार ज्या कोर्टाला अधिकार आहे त्यानंच, आणि त्याच कायद्यातल्या कारणावर, घटस्फोट द्यायला हवा. याला तीन वाटा ठेवल्या आहेत. पहिली, ज्याच्याविरुद्ध दावा आहे तो जोडीदार तिथेच कायमचा राहतो आणि कारण आपल्या कायद्यातलं आहे. दुसरी, तो जोडीदार स्वखुशीनं त्या कोर्टापुढे आला, खऱ्या अर्थानं लढला आणि कारण आपल्या कायद्यातलं आहे. तिसरी, त्या कोर्टाला एरवी अधिकार नसला तरी त्या जोडीदारानं घटस्फोटाला संमती दिली.

वैशालीच्या निकालातलं 'न मिटणारे मतभेद' हे कारण हिंदू विवाह कायदा, १९५५ मध्ये नाही. म्हणजे पहिल्या दोन वाटा बंद. नवरा एच-१बी वर होता, म्हणजे तात्पुरत्या व्हिसावर, त्यामुळे तो तिथला कायमचा रहिवासी कसा हाही प्रश्न उरतो. राहिली तिसरी वाट, संमतीची. आमचं सगळं लक्ष एका प्रश्नावर आलं : त्या कोर्टापुढे वैशाली नेमकं काय बोलली, आणि ते कागदावर आहे का?

समोरचे पर्याय

काही न करता लग्न करून टाकायचं, हा पहिला पर्याय. नातेवाइकांना तोच सोपा वाटत होता. आम्ही तो लगेच बाजूला ठेवला. उद्या कुणी तो घटस्फोट इथे अमान्य ठरवून घेतला तर दुसरं लग्न हिंदू विवाह कायद्याच्या कलम ११ नुसार मुळातच रद्दबातल ठरतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली, म्हणजे पूर्वीच्या दंड संहितेच्या ४९४ खाली, द्विविवाहाची तक्रारही होऊ शकते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे होणाऱ्या मुलांच्या आणि वारसाहक्काच्या प्रश्नांत हा वाद वर्षानुवर्षं उकरून काढता येतो.

दुसरा पर्याय, हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली परस्परसंमतीनं इथे नव्यानं घटस्फोट घ्यायचा. बहुतेक वकील हाच सल्ला देतात, आणि पुष्कळदा तो बरोबरही असतो. वाट मळलेली आहे. सहा महिन्यांची थांबण्याची मुदत सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या अमरदीप सिंग निकालानंतर योग्य प्रकरणात माफही होते. पण इथे अडलं ते नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नावर. १३-ब च्या याचिकेत दोघांनी शपथेवर सांगायचं असतं की आमचं लग्न आजही कायम आहे. म्हणजे २०२२ चं लग्न पहिलं लग्न टिकून असताना केलं, असं त्यानं स्वतःच्या सहीनं लिहून द्यायचं. त्याच्या वकिलानं स्पष्ट नकार दिला. त्यांच्या जागी आम्ही असतो तर तेच केलं असतं. वैशालीलाही ते अडचणीचं होतं. जून २०२१ मध्ये शपथेवर घटस्फोट मागितलेला, आणि आता शपथेवरच 'मी अजून पत्नी आहे' म्हणायचं?

तिसरा, क्रूरता किंवा दोन वर्षांहून जास्त परित्याग या कारणांवर इथे एकतर्फी घटस्फोट मागायचा. लग्न सोलापुरात झालेलं आणि ती राहतेही सोलापुरात, त्यामुळे अधिकाराचा प्रश्न नव्हता. पण समन्स अमेरिकेत बजावण्यात महिने जातात. आणि ज्या भांडणावर तिनं समझोता करून पडदा टाकला होता तेच पुन्हा आरोप करून उभं करायचं. ती स्वतःच म्हणाली, "मला त्याच्यावर आता काहीच लिहायचं नाही."

चौथा, न्यू जर्सीचा निकाल ग्राह्य आहे आणि त्या निकालाच्या तारखेपासून वैशाली घटस्फोटित आहे, असं कौटुंबिक न्यायालयाकडून घोषित करून घ्यायचं. कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम ७ मध्ये वैवाहिक दर्जा घोषित करण्याचा अधिकार स्पष्ट दिलेला आहे. १३-ब पेक्षा यात एक मोठा फरक आहे. १३-ब चा घटस्फोट इथल्या हुकमाच्या दिवसापासून लागू होतो. घोषणा मात्र मागच्या तारखेची वस्तुस्थिती सांगते. म्हणजे २०२१ पासूनच दोघं मोकळे. त्यामुळे नवराही सहकार्याला तयार झाला.

आईचा इथे विरोध होता. "त्याचं लग्न आपण का पक्कं करून द्यायचं?" हा त्यांचा सूर होता, आणि त्यात बरंच दुःख साठलेलं होतं. आम्ही तो विषय घाईनं संपवला नाही. त्याला अडकवून ठेवता आलं असतं हे खरं, पण तो अडकलेला राहिला तर वैशालीही तितकीच अडकलेली राहणार होती. निर्णय शेवटी वैशालीनं घेतला, आईसमोरच. आमच्या मते तोच बरोबर होता. धोका एकच, कोर्टानं घोषणा नाकारली तर वेळ फुकट जाणार. तो धोका कमी करणारा कागद हाती येईल की नाही, यावर सगळं अवलंबून होतं.

काय केलं

आधी कागद. नरसिंह राव प्रकरणातच सर्वोच्च न्यायालयानं निकालाच्या झेरॉक्स प्रती पुराव्यात घ्यायला नकार दिला होता, त्यामुळे ईमेलच्या पानांवर दावा उभा करायचा नव्हता. तिथल्या वकिलामार्फत निकालाची सहीशिक्क्याची नक्कल मागवली आणि तिच्यावर अपोस्टिल, म्हणजे तो कागद परदेशात खरा मानला जावा यासाठीचं प्रमाणपत्र, घेतलं. भारत अपोस्टिल कराराचा सदस्य २००५ पासून आहे. राज्याच्या कोर्टाच्या कागदावर अपोस्टिल त्या राज्याकडूनच घ्यावं लागतं, वॉशिंग्टनहून नाही. न्यू जर्सीत ते काम राज्याच्या कोषागार विभागाकडे आहे. नीट प्रमाणित प्रत समोर आली की निकाल देणाऱ्या कोर्टाला अधिकार होता असं दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १४ गृहीत धरतं, जोवर उलट काही दिसत नाही तोवर.

निकालाच्या प्रतीत संमती मात्र दिसत नव्हती. त्यात एवढंच होतं की विवाह विसर्जित झाला आहे आणि समझोता निकालाचा भाग केला आहे. उलट, समझोत्याच्या अटी योग्य की अयोग्य यावर कोर्ट भाष्य करत नाही, असंही वाक्य होतं. तिथे ते नेहमीचं आहे. पण इथलं कोर्ट ते वाचून विचारणारच, की मग गुणदोषांवर निकाल झाला कसा? म्हणून सुनावणीचा शब्दशः उतारा मागवायचा ठरवलं. तो वेगळा मागवावा लागतो, वेगळे पैसे भरावे लागतात आणि वेळही लागतो. "निकाल आहे ना, मग अजून कशाला?" असं वैशालीच्या भावानं विचारलंही. पण या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा कागद तोच होता.

उतारा आला. न्यू जर्सीत सकाळी साडेदहा, म्हणजे सोलापुरात रात्रीचे आठ. वैशाली वरच्या खोलीत मोबाइल पुस्तकांना टेकवून बसलेली. घरचे माग बंद ठेवले होते, पण शेजारच्या कारखान्यात रात्रपाळी चालू. तिची शपथ झाली. नवऱ्याची तोंडी साक्ष झाली : कधीपासून न्यू जर्सीत राहतो, मतभेद कधीपासून, पुन्हा एकत्र येण्याची शक्यता आहे का. मग न्यायाधीशांनी तिला विचारलं, की हा समझोता तुम्ही स्वतःहून, कुणाच्या दबावाशिवाय केला का, आणि तुम्हाला घटस्फोट हवा आहे का? उताऱ्यात तिच्या उत्तराच्या जागी लिहिलेलं होतं, 'अस्पष्ट'. मागांच्या खडखडाटात तिचं उत्तर हरवलं होतं. पुढची ओळ न्यायाधीशांची : मागे आवाज आहे, कृपया पुन्हा सांगा. आणि त्यापुढे तिचं उत्तर, पूर्ण वाक्यात : हो, मी स्वतःच्या इच्छेनं केला आहे आणि मलाही घटस्फोट हवा आहे.

एरवी अशा ठिकाणी नुसतं 'हो' येतं. गोंगाटामुळे पूर्ण वाक्य नोंदलं गेलं. ते पान मराठी भाषांतरासह दाव्याला जोडलं.

नवऱ्याला समन्स पाठवण्याची अधिकृत वाट हेग बजावणी कराराची (परदेशात समन्स पोचवण्याचा आंतरराष्ट्रीय करार), आणि ती लांबची. ती टाळण्यासाठी त्यानं सोलापुरातल्या वकिलाच्या नावे वकीलपत्र आणि लातूरला राहणाऱ्या वडिलांच्या नावे मुखत्यारपत्र करून पाठवलं, दोन्ही अपोस्टिल करून. परदेशात केलेलं मुखत्यारपत्र महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्याचं मुद्रांक शुल्क भरावं लागतं. ही मुदत पुष्कळांची चुकते आणि मग ऐन तारखेला कागद अडतो.

त्याच्या कैफियतीचा, म्हणजे दाव्याला द्यायच्या लेखी उत्तराचा, मजकूर कसा असावा यावर दोन्ही वकिलांत बराच खल झाला. 'दावा मान्य, हुकूम व्हावा' एवढी एका ओळीची कबुली देणं सोपं होतं. पण दर्जा घोषित करताना कोर्ट दोघांच्या संगनमताची शंका घेतं, आणि घ्यायलाच हवी. म्हणून कैफियतीत घटनाक्रम सविस्तर आला, न्यू जर्सीची कागदपत्रं एकेक करून कबूल केली, आणि त्याच्या दुसऱ्या लग्नाची माहितीही आली. ती लपवावी असं त्याच्या घरच्यांचं म्हणणं होतं. आमचा आग्रह उलटा होता, कारण पुढे केव्हाही ते बाहेर आलं असतं तर घोषणेवरच लबाडीचा डाग लागला असता.

सुनावणी आणि निकाल

कौटुंबिक न्यायालयात समेटाचा प्रयत्न व्हावाच लागतो. समुपदेशकांसमोर वैशाली प्रत्यक्ष आणि नवरा व्हिडिओवर असे दोघं बोलले. ते लवकर आटोपलं. वैशालीच्या सरतपासाच्या, म्हणजे तिच्या स्वतःच्या साक्षीच्या, शपथपत्रानंतर न्यायालयानं दोन प्रश्न विचारले, आणि दोन्ही कळीचे होते.

पहिला : जाबदार, म्हणजे नवरा, काहीच नाकारत नाही, मग घोषणा कशासाठी? विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ३४ मध्ये हक्क नाकारणारा, किंवा नाकारण्यात ज्याचं हित आहे असा कुणीतरी लागतो. आमचं म्हणणं होतं की वैवाहिक दर्जा ही फक्त दोघांमधली बाब नाही. सरकारी नोंद अडते, नवं लग्न अडतं, आणि कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम ७ नं हा अधिकार कौटुंबिक न्यायालयाला स्वतंत्रपणे दिलेला आहे. सरकारी कार्यालयाचा लेखी नकार हातात असता तर हा मुद्दा दोन मिनिटांत संपला असता. तो नसल्यामुळे वैशालीला त्या भेटीचा तपशील शपथेवर सांगावा लागला.

दुसरा : समन्स कुरिअरनं आलं, ही बजावणी चालते का? खरं तर चालत नाही. हेग करारात टपालानं थेट बजावणी करण्याला भारतानं हरकत नोंदवलेली आहे. वैशाली गप्प बसली असती तर नैसर्गिक न्यायाच्या अपवादावर हा निकाल इथेच कोसळला असता. पण ती वकिलासह हजर झाली, उत्तर दिलं, प्रतिदावा केला, त्यामुळे बजावणीतली उणीव उरली नाही.

मग उताऱ्याचं ते पान. न्यायाधीशांनी 'अस्पष्ट' या शब्दावर बोट ठेवून वैशालीलाच विचारलं, "इथं तुम्ही काय म्हणाला होता?" तिनं कारखान्याच्या आवाजाचं सांगितलं आणि पुढची ओळ वाचून दाखवली. तुम्ही तेव्हा सोलापुरात होता, तिथे जवळ कुणी सांगणारं होतं का, असंही विचारलं. खोलीत ती एकटी होती आणि भाऊ खाली होता.

निकाल २०२५ मध्ये लागला. न्यायालयानं 'न मिटणारे मतभेद' हे आपल्या कायद्यातलं कारण नाही हे स्पष्ट नोंदवलं, आणि तरीही पत्नीची सजग, स्वेच्छेची संमती सिद्ध झाल्यामुळे नरसिंह राव निकालातल्या तिसऱ्या वाटेनं न्यू जर्सीचा निकाल ग्राह्य धरला. वैशालीचा दर्जा त्या तारखेपासून घटस्फोटित असल्याची घोषणा झाली. अपील कुणी करणार नव्हतं. तरीही ९० दिवस जाऊ द्यायचे आणि मगच पुढचं काही ठरवायचं, असं आम्ही सांगितलं. सोलापूरची अपिलं ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात, म्हणून अपील नसल्याची खात्रीही तिथेच केली.

पंढरपूरचं स्थळ तोवर थांबलं नव्हतं. वैशालीला त्याचं वाईट वाटलं, पण दावा मागे घेण्याचा विचार तिनं एकदाही बोलून दाखवला नाही. आता तिच्या कागदांवर नोंदी बदलल्या आहेत आणि ती वडिलांच्या कारखान्याचा हिशेब आणि निर्यातीचं काम पाहते.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात स्वस्तातली दुरुस्ती न्यू जर्सीतल्या समझोत्यातच करता आली असती. दोघांची संमती आणि तिचं कारण स्पष्ट शब्दांत, भारतात मान्यतेसाठी लागेल तो कागद आणि वकीलपत्र नवऱ्यानं ठराविक मुदतीत द्यावं, आणि इथे १३-ब ची याचिका होईपर्यंत कुणी दुसरं लग्न करू नये, अशी तीन कलमं. तिथले वकील हे स्वतःहून सुचवत नाहीत, कारण त्यांच्या कायद्यात त्याची गरजच नसते. समझोत्यावर सही करण्याआधी इथल्या वकिलाला तो एकदा दाखवायला हवा होता. तेव्हा नवऱ्याचं दुसरं लग्न झालेलं नव्हतं, म्हणजे १३-ब चा मळलेला रस्ता तोवर खुला होता.

पैशाचं इथे निभावलं, कारण रक्कम आधीच मिळाली होती. थकली असती तर मोठी अडचण होती. ब्रिटन किंवा संयुक्त अरब अमिरातींसारख्या, भारताशी परस्पर अंमलबजावणी असलेल्या देशांचा पैशाचा हुकूम दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४-अ खाली थेट इथल्या जिल्हा न्यायालयात अंमलात आणता येतो. अमेरिका त्या यादीत नाही. तिथल्या निकालावर इथे नवा दावा लावावा लागतो आणि त्याची मुदत तीन वर्षं. 

आणि ज्या बाईला तो घटस्फोट नकोच आहे, तिच्यासाठी हेच सगळं उलटं वाचायचं. तिथल्या कोर्टात जाऊन 'हो' म्हणणं किंवा प्रतिदावा करणं म्हणजे संमतीची ती वाट स्वतःच उघडून देणं. तिनं फक्त अधिकाराला हरकत घ्यायची, तीही लेखी, आणि त्याच आठवड्यात इथे नांदवण्याचा किंवा पोटगीचा अर्ज लावायचा. कुरिअर कपाटात ठेवून गप्प बसणं या दोन्हींपैकी कशातच बसत नाही. गेल्या काही वर्षांत आमच्याकडे आलेल्या बहुतेक जणींनी नेमकं तेच केलेलं होतं. त्यांच्यासाठी घोषणेची वाट बंद असते आणि इथे पहिल्यापासून घटस्फोटाचा दावा लावावा लागतो. त्यामुळे समन्सचं पाकीट, त्यावरची तारीख आणि आतला प्रत्येक कागद जपून ठेवा आणि तो आला त्या आठवड्यातच वकिलाला दाखवा.